भीड भिकेची बहीण

दुपारचे अडीच वाजलेले असतात. सिडकोतील कर्ते पुरुष या वेळी अंबडच्या किंवा सातपूरच्या कारखान्यात असतात, मुले शाळेत असतात. घरात असते ती गृहिणी, नाही तर सेवानिवृत्त वडीलधारी मंडळी. दाराची घंटा वाजते. दारात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय आणि खांद्याला काळी बॅग अशा थाटात विशी-बाविशीतला एक मुलगा उभा असतो. "काकू, विकायला काही आणलेले नाही. फक्त माहिती द्यायची आहे. पाच मिनिटे. आणि जमले तर पेलाभर पाणी मिळेल का?" पाणी मागणाऱ्याला दारातून परत धाडण्याची आपली रीत नाही. काकू पाणी आणायला वळतात आणि मुलगा उंबरठा ओलांडतो. त्याच क्षणी निम्मा सौदा झालेला असतो. पुढचा पाऊण तास ही केवळ औपचारिकता असते.

या पाऊण तासात विकले काय जाते? कोणी म्हणेल, पाणी शुद्ध करणारे यंत्र. कोणी म्हणेल, विम्याची योजना, चुंबकाची गादी, सुट्टीतल्या सहलींचे सभासदत्व. पण या वस्तू नाममात्र असतात. सौदा होतो तो घराच्या भिडेचा. 'एवढा उन्हातान्हात आला, अर्धा तास बोलला, आता नाही कसे म्हणायचे?' या एका वाक्यावर हा सारा धंदा उभा आहे. भीड भिकेची बहीण, असे आपल्या आजी-पणज्या सांगत आल्या. भिडस्तपणाला सुसंस्कृतपणा समजण्याची चूक करणाऱ्या मध्यमवर्गाने ही म्हण पाठ केली, आचरणात मात्र आणली नाही.

दारावरचा जुना व्यापार

दारोदार फिरून विकणे हे काही पाप नव्हे. आपल्या वाड्यांच्या दारात कासार येई, कल्हईवाला येई, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण येई. बोहारीणही घासाघीस करी, एखादे पातळ जास्तीचे उकळी. परंतु या सर्वांना पुढच्या महिन्यात त्याच गल्लीत परत यायचे असे. कल्हई आठ दिवसांत उडाली तर नवव्या दिवशी साऱ्या आळीत त्याचा बोभाटा होई. पुन्हा त्याच दारात उभे राहण्याची गरज, हीच त्या व्यापाराची हमी होती. त्यासाठी ना छापील करार लागे, ना ग्राहक आयोग.

आजच्या टायवाल्या मुलाला त्या दारात पुन्हा यायचे नसते. त्याला आज सिडको, उद्या इंदिरानगर, परवा नाशिकरोड नेमून दिलेले असते. खोटे बोलण्याची किंमत चुकवावी लागत नाही, तेव्हा खोटे स्वस्त होते. त्या मुलावर सारा राग काढणेही अन्यायाचे आहे. 'मार्केटिंगसाठी तरुण पाहिजेत' या जाहिरातीला भुललेल्या अशा कित्येक मुलांकडून आधी नमुन्याच्या वस्तूंसाठी अनामत घेतली जाते, मग विक्रीचे उद्दिष्ट डोक्यावर ठेवले जाते. ते पुरे झाले नाही तर पगार नाही. दारातला मुलगा बहुधा या साखळीतला पहिला फसलेला असतो, तुम्ही दुसरे.

पाणी, सोने आणि शेगडी

त्याच्या बॅगेतील युक्त्या एकदा समजून घेतल्या की त्यांची जादू उरत नाही. पहिली युक्ती पाण्याची. तो दोन पेले मागतो. एकात गंगापूर धरणातून आलेले तुमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातले. दोन्हींत धातूच्या कांड्यांचे एक उपकरण बुडवतो आणि वीज सुरू करतो. पाहता पाहता नळाचे पाणी तांबूस-तपकिरी होते, त्यावर गाळ तरंगू लागतो. यंत्रातले पाणी मात्र नितळ राहते. "पाहा काकू, हे विष तुमची नातवंडे रोज पितात!" काकूंच्या हातातला पदर तोंडाशी जातो.

प्रत्यक्षात तो गाळ पाण्यातला नसतो, कांडीतला असतो. नळाच्या पाण्यात नैसर्गिक क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंडाची कांडी झिजून तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्रातील पाण्यातून क्षारच काढून टाकलेले असतात, त्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. या प्रयोगातून पाण्यातील रोगजंतू कळत नाहीत की विषही कळत नाही. त्या नितळ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज सोडायला सांगावे. तेही तपकिरी होते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले विद्युत अपघटन आजीला घाबरवण्यासाठी वापरले जाते, आणि त्याच घरातला विज्ञान शाखेचा पदवीधर मुलगा संध्याकाळी येऊन हप्ते भरतो!

दुसरी युक्ती सोन्याची. आणि ही तर विक्रीच नव्हे, उघड चोरी आहे. भांडी उजळण्याची भुकटी विकायला दोघे येतात. आधी तांब्याचा तांब्या चकाचक करून दाखवतात, मग चांदीचे पैंजण, मग हातातल्या बांगड्या. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात सोने विरघळते. बांगडी परत मिळते, लखलखतेही, पण काही ग्रॅमने हलकी होऊन. ते विरघळलेले सोने पातेल्यातल्या द्रवाबरोबर निघून जाते. कित्येकदा तर एवढेही कष्ट घेतले जात नाहीत. दागिने हळदीच्या पाण्यात घालून डबा बंद करतात आणि 'दहा मिनिटांनी उघडा' असे सांगून निघून जातात. दहा मिनिटांनी डब्यात हळदीचे पाणीच उरते.

तिसरी युक्ती अधिकाराची. "गॅस कंपनीकडून तपासणीला आलो आहे," असे म्हणत कोणी थेट स्वयंपाकघरात शिरतो, शेगडीची नळी खराब ठरवतो आणि बाजारभावाच्या कितीतरी पट दराने नवी बसवून जातो. चौथी युक्ती भाग्याची. फोन येतो की तुमचा क्रमांक सोडतीत निघाला आहे; भेटवस्तू घ्यायला अमुक हॉटेलात या, मात्र पती-पत्नी दोघांनीच यायचे. दोघांनीच का? 'घरी विचारून सांगतो' ही मराठी माणसाची शेवटची ढाल काढून घेता यावी म्हणून! तीन तासांच्या भाषणबाजीनंतर आणि 'ही सवलत फक्त आजच' या धमकीनंतर जोडपे लाखभराच्या करारावर सही करून बाहेर पडते. हातात भेटवस्तू असते ती भिंतीवरचे घड्याळ.

या चारही युक्त्यांत एक गोष्ट समान आहे. माल चांगला की वाईट याचा विचार करायला जो वेळ लागतो, तोच वेळ ग्राहकाकडून हिरावून घेतला जातो. भय, लोभ, अधिकार आणि घाई या चार दोऱ्या आहेत. त्या बांधायची खुंटी एकच, भीड.

अनोळखी माणूस ओळखीचा होतो तेव्हा

इथवरची हानी हजारांत मोजता येते. खरा घात पुढे आहे. दारावरच्या अनोळखी मुलाला निदान संशयाचा सामना करावा लागतो. पण तोच प्रस्ताव घेऊन साडू आला, शेजारच्या वहिनी आल्या, मुलाचे शिक्षक आले, तर? मग संशय हाच अपराध ठरतो. साखळी विपणनाचा आणि बोगस ठेव योजनांचा सारा डाव याच सत्यावर रचलेला आहे. कंपनीला जाहिरातीवर पैसा घालवावा लागत नाही. गावातली नाती तिला फुकट मिळतात.

नाशिकला हे कुणी शिकवण्याची गरज नाही. केबीसी मल्टिट्रेड ही कंपनी याच शहरातली. रक्कम अल्पावधीत कित्येक पट करून देण्याचे आमिष दाखवून तिने उत्तर महाराष्ट्रापासून मराठवाड्यापर्यंत लोकांकडून पैसे गोळा केले, असा आरोप आहे. गुंतवणूकदारांत शेतकरी होते, नोकरदार होते, पोलीस दलातील माणसेही होती. ज्याच्याकडे तक्रार करायची तोच रांगेत उभा असेल, तर धोक्याची घंटा वाजवणार कोण? २०१४ मध्ये डोलारा कोसळला. कंपनीचा प्रमुख भाऊसाहेब चव्हाण सिंगापूरला निघून गेला होता. तो मे २०१६ मध्ये परतला तेव्हा मुंबई विमानतळावर त्याला अटक झाली. मधल्या काळात, २०१४ च्या जुलैमध्ये, फसलेल्या गुंतवणूकदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी नाशिक हादरले होते. पैसा गेला हे दुःख होतेच. पण आपल्या शब्दावर पैसे भरलेल्या बहिणीला, मेहुण्याला, शेजाऱ्याला तोंड कसे दाखवायचे, हे दुःख त्याहून मोठे होते. अशा कंपन्या बुडतात तेव्हा घराघरांतले रक्षाबंधन आणि भाऊबीजही बुडते. त्याचा पंचनामा कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही.

पुढे २०१६ मध्ये मैत्रेय समूहाविरुद्ध नाशिकमध्येच गुन्हा नोंदवला गेला. तेथेही पद्धत हीच: परिचयातला प्रतिनिधी, घरी येऊन नेलेले हप्ते, विश्वासाने जपून ठेवलेल्या पावत्या. त्या प्रकरणात न्यायालयाच्या आदेशाने एस्क्रो खाते उघडून काही ठेवीदारांना पैसे परत देण्याची सोय तरी झाली. जेथे तक्रार वेळेवर होते आणि मालमत्ता हाताशी असतानाच ती रोखली जाते, तेथे थोडे तरी हाती लागते, हा त्यातला धडा. आपण मात्र 'बोभाटा नको' म्हणून गप्प बसतो. ती चूप बसण्याची भीडसुद्धा ठगांच्या हिशेबात धरलेली असते.

हिशेब पाटीवर मांडून पाहा

'आमची योजना वेगळी आहे,' असे प्रत्येक जण सांगतो. म्हणून एक साधा गुणाकार करावा. एका माणसाने सहा सभासद आणायचे, त्या प्रत्येकाने आणखी सहा. सहा, छत्तीस, दोनशे सोळा अशी ही शिडी चढत जाते. सातव्या पायरीवर २,७९,९३६ माणसे लागतात. आठव्या पायरीवर १६,७९,६१६. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या होती १४,८६,०५३. म्हणजे आठव्या पायरीवर पाळण्यातल्या बाळापासून शंभरीच्या आजोबांपर्यंत सारे नाशिक सभासद केले तरी माणसे कमीच पडणार.

आणि ही शिडी कोणत्याही पायरीवर थांबली तरी शेवटच्या रांगेत शंभरातली सुमारे ८३ माणसे उभी असतात. त्यांच्याखाली कोणी नसते. वरच्यांना मिळालेला पैसा त्यांचाच असतो. बोस्टनमध्ये १९२० साली चार्ल्स पॉन्झीने केले ते हेच. बंगालमध्ये शारदा समूहाचा डोलारा २०१३ साली कोसळला तोही याच प्रकारे. नवीन येणाऱ्याच्या पैशातून जुन्याची देणी भागवायची, ही युक्ती शंभर वर्षांत बदललेली नाही. बदलते ती फक्त माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरची मोटार.

'लोभी लोकांना असेच व्हायला हवे!'

अशा प्रत्येक घोटाळ्यानंतर एक शहाणा वर्ग पुढे येऊन निवाडा देतो: लोक हावरे, म्हणून फसले. हा निवाडा सोयीचा आहे, कारण तो ठगाला निम्मा दोषमुक्त करतो. लोभ असतो, नाही कशाला म्हणावे? परंतु नोट प्रेसमधून निवृत्त झालेला कामगार भविष्यनिर्वाह निधीची रक्कम घेऊन चिंतेत बसतो, तेव्हा त्याच्या मनात बंगला नसतो. मुलीचे लग्न असते, पत्नीचे औषधपाणी असते. बँकेचे व्याज महागाईला पुरत नाही, हे त्याने स्वतःच्या पिशवीवरून जोखलेले असते. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला एका गारपिटीत वर्षाचे उत्पन्न जाताना दिसते. तो स्थिर मिळकतीचा आधार शोधतो. या गरजेला लोभ म्हणणे हा जखमेवरचा दुसरा घाव आहे. फसलेल्याची लाज काढणारा समाज पुढच्या ठगाला मोकळे रान देतो, कारण लाजेपोटी तक्रारच होत नाही.

कायदे नाहीत, हे रडगाणेही खोटे आहे. पैशाच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ चा. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. त्याखाली आरोपीची मालमत्ता जप्त करता येते. नियमनाबाहेरील ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा. अशा योजनेत दुसऱ्याला ओढण्यासाठी जाणूनबुजून खोटी आश्वासने देणारी कोणतीही व्यक्ती त्याखाली शिक्षेस पात्र ठरते. डिसेंबर २०२१ मधले थेट विक्रीचे नियम तर दारातल्या प्रसंगासाठीच लिहिल्यासारखे आहेत. विक्रेत्याने पूर्वसंमतीशिवाय आणि ओळखपत्राशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही. गेल्यावर, न विचारता, आपले आणि कंपनीचे नाव व येण्याचा हेतू सांगायचा. किंमत, परतावा आणि हमीची पूर्ण माहिती द्यायची. विक्रेत्याने केलेल्या व्यवहाराच्या तक्रारींची जबाबदारी कंपनीवर. 'तो आमचा नोकर नव्हे, स्वतंत्र वितरक आहे' ही पळवाट त्या दिवशी बुजली.

मग अडते कोठे? हे नियम ज्यांच्यासाठी केले, त्यांच्यापर्यंत ते पोहोचतच नाहीत. ठगाचा माणूस दुपारी अडीचला दारात येतो. शासनाचा नियम राजपत्रात झोपलेला असतो. अमेरिकेत दारावर झालेली खरेदी तीन दिवसांत रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकातच मिळाला. आपल्याकडे विमा पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची मुभा २०२४ पासून आहे. पण पॉलिसी गळ्यात मारणारा प्रतिनिधी ती आपणहून सांगेल, अशी अपेक्षा कोण करणार?

कार्यकर्त्याची वही

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. संघटनेचे काम घरोघरच्या संपर्कावर चालते. कार्यकर्त्याला कोणत्याही दारात थांबावे लागत नाही. तो थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जातो, कारण त्या घराला ठाऊक असते की हा काही मागायला आलेला नाही. हा विश्वास एका दिवसात मिळालेला नाही. कित्येक वर्षे पदरमोड करून, दुसऱ्यांच्या आजारपणात रात्री जागून, पुरात आणि भूकंपात राबून मागच्या पिढीने तो कमावला. आणि म्हणूनच साखळी कंपन्यांच्या नजरेत कार्यकर्त्याच्या संपर्काच्या वहीइतके मोलाचे दुसरे काही नाही. त्या वहीत पन्नास घरे असतात, जेथे 'नाही' म्हटले जात नाही.

ज्या दिवशी कार्यकर्ता त्या वहीतील पहिल्या घरी साबणाची पेटी, चूर्णाचा डबा किंवा ठेवीचा अर्ज घेऊन जातो, त्या दिवशी तो स्वतःच्या मालकीचे नसलेले भांडवल विकत असतो. वस्तूला स्वदेशीचे लेबल असले म्हणून त्यात फरक पडत नाही. उत्पन्नाचा जोडधंदा करायला कोणाची ना नाही. त्यासाठी दुकान मांडावे, पाटी लावावी, उघड व्यापार करावा. पण संपर्क आणि विक्री यांची गल्लत झाली की दोन्ही नासतात. पुढच्या वेळी तोच कार्यकर्ता रक्तदानाचे आवाहन घेऊन गेला तरी दार किलकिले होते आणि आतून आवाज येतो, "आज काय आणलेत?"

याउलट याच वहीचे सामर्थ्य सत्कारणी लागू शकते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदा नव्हता. तो आला १९८६ मध्ये. कायद्याच्या बारा वर्षे आधी माणसे कामाला लागली होती. आज कायदे आहेत आणि ते घरोघर पोहोचवणारी माणसे कमी पडत आहेत. जी पन्नास घरे कंपनीला हवी आहेत, त्याच पन्नास घरांत एक संध्याकाळ जाऊन चार गोष्टी सांगितल्या तरी पुष्कळ. ओळखपत्र पाहिल्याशिवाय आणि वेळ ठरल्याशिवाय विक्रेत्याला आत घेऊ नये. अंगावरचा दागिना दारावरच्या कोणाच्याही हाती देऊ नये. जे आजच घेतले पाहिजे, ते कधीच घेऊ नये. सही नेहमी दुसऱ्या दिवशी, घरातल्या दुसऱ्या माणसाने कागद वाचल्यानंतर. आणि फसवणूक झालीच, तर त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा पोलीस ठाण्यात कळवावे. त्यात लाज फसवणाऱ्याची आहे, फसलेल्याची नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी हे सांगायला आधी जावे, कारण ठगही आधी तेथेच जातो.

पाहुण्याला पाणी देणे आपण सोडायचे नाही. उन्हातून आलेला तो मुलगाही कुणाचा तरी मुलगा आहे. त्याला पाणी द्यावे, सावलीत बसू द्यावे. पण पाणी उंबरठ्याबाहेर देता येते. पेला परत घेताना त्याला सौम्यपणे सांगता येते, "बाळा, आम्हाला काही नको." ज्या घराला हे चार शब्द उच्चारता आले, त्या घराच्या दारातून भीडही परत जाते आणि तिच्या मागोमाग येणारी तिची बहीणही.